रसायनाच्या पत्रकावरचा 'एलसी-५०' आकडा: श्वासातून होणारी विषबाधा कशी तपासतात आणि घरच्यांनी त्यातून काय घ्यावे

जालना एमआयडीसीत काम करणारे कामगार आणि त्यांचे नातेवाईक दवाखान्यात येतात तेव्हा बहुतेक वेळा एवढेच सांगतात, "डॉक्टर, गॅस लागला." कोणता गॅस, किती वेळ, बंद खोलीत की उघड्यावर, हे माहीत नसते. अलीकडे काही जण मोबाईलवर रसायनाच्या सुरक्षा पत्रकाचा फोटो दाखवतात आणि विचारतात, "यात एलसी-५० दोन हजार लिहिले आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही ना?"

प्रश्न योग्य आहे, पण त्या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. हा आकडा रसायन किती घातक आहे याची क्रमवारी लावण्यासाठी असतो. तुम्हाला किती प्रमाण सहन होईल, हे तो सांगत नाही. तो कसा काढतात हे कळले की ही गोष्ट लक्षात राहील आणि वेळ आली तर रुग्णाला वेळेत रुग्णालयात नेता येईल.

एलसी-५० म्हणजे काय?

एखाद्या रसायनाची हवेतील जी पातळी ठराविक वेळ श्वासात घेतल्यावर प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात, ती पातळी म्हणजे एलसी-५०. वायूसाठी ती पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, अशी देतात. वाफ, धूळ किंवा तुषार असेल तर एक लिटर हवेत किती मिलीग्रॅम, असे लिहितात.

आकडा जितका लहान, तितके रसायन जास्त विषारी. अनेकांचा गोंधळ इथेच होतो. मोठा आकडा पाहून लोक घाबरतात आणि लहान आकडा पाहून निश्चिंत होतात. प्रत्यक्षात ते उलटे आहे.

तोंडावाटे किंवा त्वचेवाटे होणाऱ्या विषबाधेसाठी वेगळा आकडा असतो. त्याला एलडी-५० म्हणतात. दोन्हींची सरमिसळ करू नका. गिळल्यावर फारसे घातक नसलेले रसायन श्वासातून गेल्यास घातक ठरू शकते.

ही तपासणी कशी करतात?

जगभर यासाठी ओईसीडी या संस्थेच्या मार्गदर्शक पद्धती वापरतात. त्यांतील क्रमांक ४०३ ही जुनी पद्धत १९८१ मध्ये आली आणि २००९ मध्ये सुधारली गेली. भारतातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांवर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखालील प्राधिकरणाची देखरेख असते. २०११ पासून त्यांचे अहवाल ओईसीडी देशांतही स्वीकारले जातात.

पद्धत थोडक्यात अशी:

- तरुण, निरोगी उंदीर घेतात. शक्यतो फक्त नाक रसायनाच्या हवेत राहील अशा नळीत त्यांना ठेवतात, म्हणजे अंगावर बसलेले रसायन चाटून पोटात जात नाही.
- साधारण ४ तास ठराविक पातळीची हवा देतात. श्वास घेतात त्या जागेची हवा काढून पातळी प्रत्यक्ष मोजतात.
- धूळ किंवा तुषार असेल तर कण फुफ्फुसापर्यंत पोहोचतील इतके बारीक, साधारण १ ते ४ मायक्रॉनचे ठेवतात.
- त्यानंतर १४ दिवस निरीक्षण करतात. श्वास, हालचाल, वजन यांची नोंद होते आणि शेवटी फुफ्फुसांसह अवयव तपासतात.

आता कमी प्राणी लागणाऱ्या पद्धतीही आहेत. क्रमांक ४३६ मध्ये ठरलेल्या पातळ्यांवर टप्प्याटप्प्याने तपासतात. क्रमांक ४३३ मध्ये मृत्यूची वाट न पाहता विषबाधेची स्पष्ट लक्षणे दिसली की निर्णय घेतात. मानवी फुफ्फुसाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर तपासणी करण्याचेही काम चालू आहे.

निरीक्षणाचे १४ दिवस तुमच्यासाठीही महत्त्वाचे आहेत. संपर्क फक्त ४ तासांचा असतो, तरी लक्ष दोन आठवडे ठेवतात, कारण श्वासातून गेलेल्या काही रसायनांचा परिणाम उशिरा दिसतो. माणसातही तसेच घडते.

आकडा आणि कामाची मर्यादा यांत किती अंतर असते?

कारखान्यात ८ तासांच्या पाळीसाठी हवेतील पातळीची वेगळी मर्यादा धरतात. एलसी-५० आणि ही मर्यादा शेजारी ठेवून पाहा. आकडे अंदाजे आहेत.

- अमोनिया (शीतगृहे): उंदरांतील ४ तासांचा एलसी-५० २००० पीपीएम, पाळीची मर्यादा २५ पीपीएम
- कार्बन मोनॉक्साईड (भट्ट्या, जनरेटर): ४ तासांचा एलसी-५० १८०० पीपीएम, मर्यादा ५० पीपीएम
- हायड्रोजन सल्फाईड (सांडपाण्याच्या टाक्या): ४ तासांचा एलसी-५० ४४४ पीपीएम, मर्यादा १० पीपीएम
- क्लोरीन (पाणी शुद्धीकरण): १ तासाचा एलसी-५० २९३ पीपीएम, मर्यादा १ पीपीएम
- फॉस्फीन (गोदामातील धुरी): ४ तासांचा एलसी-५० ११ पीपीएम, मर्यादा ०.३ पीपीएम

अमोनियात हे अंतर ८० पट आहे, कार्बन मोनॉक्साईडमध्ये सुमारे ३६ पट. म्हणजे एलसी-५० ला एखाद्या ठराविक आकड्याने भागून सुरक्षित पातळी काढता येत नाही. क्लोरीनचा आकडा १ तासाचा आहे आणि बाकीचे ४ तासांचे, हेही पाहा. वेळ वाचल्याशिवाय दोन रसायनांची तुलना करू नका.

उंदरावरचा आकडा माणसाला का लागू करता येत नाही?

प्रयोगातील उंदीर निरोगी असतो आणि स्वस्थ बसलेला असतो. माणूस स्वस्थ बसला असेल तर मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो. भट्टीसमोर किंवा पोती उचलताना तोच माणूस ४० लिटर किंवा त्याहूनही जास्त हवा घेतो. हवेतील पातळी तीच राहिली तरी फुफ्फुसात जाणारे विष कित्येक पट वाढते. उंदीर फक्त नाकाने श्वास घेतो, दमलेला माणूस तोंडाने. त्यामुळे नाकाची गाळणी चुकते.

शिवाय घरात आणि वस्तीत दमा असलेले, हृदयरोगी, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध असतात. मुले वजनाच्या मानाने जास्त हवा घेतात. एलसी-५० मध्ये यांपैकी कोणाचाच विचार नसतो.

त्या आकड्यात मृत्यू मोजलेला असतो. कायमचा दमा, डोळ्यांची इजा, अनेक वर्षांनी होणारा आजार हे त्यात येत नाही.

"हानिकारक" लिहिले असले तरी जीव जाऊ शकतो

डब्यावर आणि पत्रकावर जागतिक पद्धतीची वाक्ये व सांकेतिक क्रमांक असतात. श्वासासंबंधी हे लक्षात ठेवा:

- एच३३०: श्वासातून घेतल्यास प्राणघातक (कवटीचे चिन्ह)
- एच३३१: श्वासातून घेतल्यास विषारी (कवटीचे चिन्ह)
- एच३३२: श्वासातून घेतल्यास हानिकारक (उद्गारचिन्ह)
- एच३३४: श्वासातून ॲलर्जी किंवा दम्यासारखा त्रास होऊ शकतो
- एच३३५: श्वासमार्गाची जळजळ होऊ शकते

सर्वांत सौम्य वाटणाऱ्या एच३३२ गटाचे एक उदाहरण सर्वांनी बातम्यांत पाहिले आहे. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एका पॉलिमर कारखान्यातून स्टायरीनची वाफ शेजारच्या वस्तीत पसरली. १२ जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोक रुग्णालयात गेले. स्टायरीनचा उंदरांतील ४ तासांचा एलसी-५० प्रति लिटर सुमारे ११.८ मिलीग्रॅम आहे, म्हणजे वर्गीकरणात ते "हानिकारक" गटातच बसते. पण रसायन मोठ्या प्रमाणात सुटले आणि लोक झोपेत होते. वर्ग पदार्थाचा असतो. धोका किती, हे मात्र प्रमाण, वेळ आणि जागा यांवर ठरते.

पत्रकावर "माहिती उपलब्ध नाही" लिहिले असेल तर?

त्याचा अर्थ तपासणी झालेली नाही किंवा तिचा निकाल पत्रक करणाऱ्याकडे नाही, एवढाच. रसायन निरुपद्रवी आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

जालन्यात याला विशेष महत्त्व आहे. इथे भंगार वितळवून सळई बनवणाऱ्या भट्ट्या मोठ्या संख्येने आहेत. तपासणी एका पदार्थाची किंवा ठराविक मिश्रणाची होते. भंगाराच्या धुराचे पत्रक नसते. त्यात रंग, तेल, जस्ताचा मुलामा, प्लास्टिक, कधी बंद डबे असे काहीही असू शकते.

जालन्याच्या कामांत कोणता त्रास कसा ओळखावा?

*जस्ताचा धूर.* मुलामा दिलेले पत्रे वितळताना किंवा वेल्डिंग करताना जस्ताचा बारीक पांढरा धूर निघतो. कामानंतर ४ ते १० तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, तोंडात धातूची चव, कोरडा खोकला सुरू होतो. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी हा त्रास जास्त होतो. घरचे याला मलेरिया किंवा फ्लू समजतात. पण कॅडमियमच्या धुराची सुरुवातही अशीच होते आणि त्यात नंतर फुफ्फुसे निकामी होऊ शकतात. त्यामुळे ताप आणि दम एकत्र असतील तर घरी थांबू नका.

*कार्बन मोनॉक्साईड.* कोळशावर किंवा प्रोड्युसर गॅसवर चालणाऱ्या भट्ट्या, बंद खोलीतील जनरेटर, थंडीत खोलीत ठेवलेली शेगडी. याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी येते. एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर आधी याचा संशय घ्या. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर इथे फसवते. ते ९८ दाखवत असतानाही रुग्ण गंभीर असू शकतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. गरोदर स्त्रीला लक्षणे कमी असली तरी बाळाला धोका असतो.

*आम्लाची वाफ.* लोखंड आम्लात धुताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ लगेच नाका-घशाला झोंबते, त्यामुळे माणूस पळतो. नायट्रिक आम्लातून निघणारा तपकिरी धूर जास्त फसवा असतो. सुरुवातीला थोडाच खोकला येतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी होते.

*फॉस्फीन.* बियाणे आणि धान्याच्या गोदामात कीड मारण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवतात. ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन निघतो. उलट्या, छातीत दाब, धाप लागते आणि हृदयावर परिणाम होतो. यावर उतारा नाही. या गोळ्या प्रशिक्षित देखरेखीखाली वापरण्यासाठीच आहेत. त्या घरच्या धान्याच्या कोठीत ठेवू नका. शेजारच्या खोलीत झोपलेल्यांनाही त्यातून विषबाधा होते.

*सांडपाण्याच्या टाक्या.* हायड्रोजन सल्फाईडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण पातळी १०० पीपीएमच्या पुढे गेली की नाकाला तो वास येणेच बंद होते. वास गेला म्हणून गॅस गेला असे समजून आत उतरणारा कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही. श्वासाचे स्वतंत्र उपकरण आणि दोर असल्याशिवाय कोणीही उतरू नये.

*बियाण्यांची पावडर आणि फवारणी.* कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. तो १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार तोंडावाटे आणि त्वचेवाटे होणाऱ्या विषबाधेवरून ठरतो. श्वासातील धोका त्या रंगात मोजलेला नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला, ते आठवा. निळा किंवा हिरवा त्रिकोण असला तरी तोंड-नाक झाकणे आणि वाऱ्याची दिशा पाहणे सोडू नका.

*घरातील क्लोरीन.* ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करण्याचे ॲसिड एकत्र केले तर क्लोरीन निघतो. दोन्ही कधीही एकत्र वापरू नका. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर भागात पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून तो गळला तेव्हा शंभराहून अधिक जणांना त्रास झाला.

गॅस लागल्यावर लगेच काय करावे?

१. वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जा, नंतर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला. क्लोरीनसारखा जड वायू असेल तर उंचावर जा.
२. उपकरणाशिवाय कोणाला काढायला आत जाऊ नका.
३. कपडे काढून अंग भरपूर पाण्याने धुवा. डोळे किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा.
४. रुग्णाला बसते ठेवा, चालवू नका. श्रमाने फुफ्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो.
५. १०८ ला फोन करा. विषबाधेबाबत एम्सच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक आहे.
६. पत्रकाचा किंवा डब्याच्या लेबलचा फोटो घ्या, पण त्यासाठी पुन्हा आत जाऊ नका.

गूळ किंवा दूध दिल्याने गॅस उतरतो ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. गूळ पोटात जातो, विष फुफ्फुसात असते. दम लागलेल्या किंवा गुंगीत असलेल्या माणसाला काही पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. रुमाल, साधा मास्क किंवा एन-९५ वायू अडवत नाही. एन-९५ धुळीसाठी आहे. वायूसाठी त्या त्या रसायनाचे फिल्टर असलेला मास्क लागतो आणि फिल्टरचीही मुदत असते.

बरे वाटत असतानाही रुग्णालयात केव्हा जावे?

क्लोरीन, नायट्रिक आम्लाचा तपकिरी धूर, फॉस्फीन, किंवा नाव माहीत नसलेले रसायन श्वासात गेले असेल तर लक्षणे थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. किमान २४ तास लक्ष ठेवा. त्या रात्री रुग्णाला एकट्याला झोपू देऊ नका.

खालीलपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा जवळचे ऑक्सिजन व आयसीयू असलेले रुग्णालय गाठा:

- दम लागणे, छातीत घरघर, आवाज बसणे किंवा गिळताना त्रास
- फेसाळ किंवा गुलाबी थुंकी
- ओठ निळे पडणे
- छातीत दुखणे, धडधड
- थोडा वेळ का होईना, शुद्ध हरपणे, गोंधळल्यासारखे बोलणे
- न थांबणारी उलटी किंवा डोकेदुखी

पहिला एक्स-रे चांगला आला म्हणजे धोका टळला असे नाही. डॉक्टरांनी ठेवून घ्यायला सांगितले तर "आता बरा आहे" म्हणून सुट्टी मागू नका.

डॉक्टरांना काय सांगावे?

रसायनाचे नाव, ते वायू होते की धूर की पावडर, जागा बंद होती की उघडी, किती मिनिटे संपर्क आला, किती वाजता, शुद्ध हरपली होती का, आणखी कोणाला त्रास झाला का, आधीचा दमा किंवा हृदयरोग आहे का. पत्रकाचा फोटो असेल तर भाग ४ मध्ये प्रथमोपचार, भाग ८ मध्ये हवेतील मर्यादा आणि भाग ११ मध्ये विषारीपणाची माहिती असते. एलसी-५० भाग ११ मध्ये सापडेल. आम्हाला उपचारासाठी त्या आकड्यापेक्षा नाव, वेळ आणि जागा यांचा उपयोग जास्त होतो.

पत्रक मागण्याचा हक्क

धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांत सुरक्षा पत्रकाची तरतूद आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला आरोग्य व सुरक्षेची माहिती मिळण्याचा हक्क आला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो आहे. तेव्हा आपण रोज हाताळतो त्या रसायनांची नावे आजच विचारून घ्या आणि घरात एका कागदावर लिहून ठेवा. कंत्राटी कामगारांनी तर नक्कीच. अपघात झाला तर त्याची कारखान्यात लेखी नोंद करायला सांगा आणि ईएसआयचे कार्ड जवळ ठेवा.

नंतरची तपासणी

एकदाच जास्त प्रमाणात वायू श्वासात गेल्यावरही काहींना दम्यासारखा त्रास सुरू होतो आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. खोकला, रात्रीचा दम किंवा धुरा-वासाने होणारा त्रास दोन आठवड्यांनंतरही राहिला तर फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री करून घ्या. बिडी-सिगारेट पूर्ण बंद ठेवा. कामावर परतण्याआधी डॉक्टरांकडून तसे लेखी घ्या.

थोडक्यात

- एलसी-५० लहान म्हणजे विष जास्त. मोठा म्हणजे सुरक्षित असे नाही.
- आकड्यासोबत किती तासांचा आहे हे वाचा.
- "माहिती उपलब्ध नाही" म्हणजे निर्धोक नव्हे.
- वास नसणे आणि ऑक्सिमीटर चांगले असणे यांवर विसंबू नका.
- रसायनाचे नाव घरच्यांना माहीत असू द्या, आणि गॅस लागल्यावर २४ तास लक्ष ठेवा.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष त्रास होत असेल तर तो वाचत बसू नका, आधी रुग्णालयात जा.